लक्ष्मीविलासाचे अंतरंग : एक रसविचार

राजवाडा पाहून परतलेल्या गृहस्थास 'काय पाहिलेत?' असे विचारावे, म्हणजे तो बहुधा आकडे सांगू लागतो. ग्वाल्हेरहून आलेला मनुष्य जयविलासातील झुंबरांचे वजन सांगतो. एकेक झुंबर साडेतीन टनांचे, आणि छत ते पेलील की नाही हे पाहण्यासाठी आधी वर हत्ती चढविले होते, ही आख्यायिका तो सहसा गाळीत नाही. इंदूरचा मनुष्य होळकरांच्या जुन्या राजवाड्याचे सात मजले मोजून दाखवितो. बडोद्याचा पाहुणा लक्ष्मीविलास हा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट मोठा आहे असे सांगतो, आणि ते अशा थाटात सांगतो की, जणू त्या चौपटीतला थोडा वाटा त्याच्याही नावावर चढला आहे. आम्ही वर्षानुवर्षे शाळेतील मुलांना अशा सहलींस नेत आलो आणि परतल्यावर त्यांच्याकडून निबंध लिहवून घेत आलो. त्या निबंधांत टन असतात, फूट असतात, लाख-कोट रुपये असतात. दालन मात्र नसते. दोष मुलांचा नाही. मोठ्यांची प्रवासवर्णनेही याच मापाने लिहिली जातात, आणि बृहन्महाराष्ट्रातील आपल्या नियतकालिकांत राजवाड्यांवर जे लेख येतात, त्यांतील बहुतेक गौरवाने ओथंबलेले आणि निरीक्षणात कोरडे असतात.

साहित्यशास्त्राने अद्भुत हा रस मानला आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. पण विस्मय वेगळा आणि डोळे दिपणे वेगळे. विस्मयात मनाची कवाडे उघडतात, 'हे असे का?' हा प्रश्न उत्पन्न होतो. दिपण्यात ती मिटतात, आणि प्रश्नाच्या जागी उद्गारचिन्ह येते. राजवाड्याच्या अंतर्भागाकडे आपण रसिक म्हणून कधी पाहतो काय, काव्य वाचतो तसे ते दालन वाचतो काय, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही बडोद्याचा लक्ष्मीविलास घेतला. एक तर महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थानांच्या वास्तूंत तो सर्वांत बोलका आहे. दुसरे असे की, त्याच्या बाबतीत अंतरंग व बहिरंग यांचा हिशेब मांडण्यास इतिहासाने पुरेशी सामग्री ठेवली आहे.

१

प्रथम वास्तूची भाषा. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज. त्यांच्यासाठी जो नवा राजवाडा उभारावयाचा ठरला, त्याची आखणी मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने केली. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. मँट १८८१ मध्ये वारला. काम रॉबर्ट फेलोज चिझम याने हाती घेतले आणि १८९० मध्ये ते पुरे झाले. आपली गणिते चुकली असून इमारती कोसळणार, या धसक्याने मँटचे डोके फिरले, अशी कथा आजही पाहुण्यांना ऐकविली जाते. ती ऐकून लोक भिंतीकडे पाहतात; पण भिंत काय म्हणते हे पाहण्यासाठी नव्हे, ती अजून उभी आहे ना एवढ्याचसाठी! वास्तविक भिंत पुष्कळ काही म्हणत असते.

या वास्तूच्या शैलीस जाणते लोक इंडो-सारासेनिक म्हणतात. एका बाजूस देवळाच्या घुमट्या, दुसरीकडे मोगली कमान, मध्येच गुजराती कोरीव सज्जे, वर युरोपीय धाटणीचा मनोरा. आत आले की, दरबार-दालनाची फरसबंदी व्हेनिसच्या मोझेकची, खिडक्यांची रंगीत काच बेल्जियमची, पुतळे फेलिची या इटालियन शिल्पकाराचे, आणि बाहेर कारंज्यांचा इटालियन धाटणीचा चौक. म्हणजे हा एक शब्दकोश झाला. शब्दकोशात सर्व शब्द असतात, पण वाक्य नसते. लक्ष्मीविलासाचे बहिरंग आम्हांस अनेकदा असेच वाटत आले आहे. प्रत्येक कोपरा सुंदर, पण एका कोपऱ्याचे दुसऱ्याशी बोलणे नाही. ज्या राज्यकर्त्यांनी ही शैली घडविली, त्यांना हिंदुस्थान हा असाच दिसत होता. अनेक सुंदर तुकड्यांचा संग्रह, आणि त्यांना जोडणारी दोरी आपल्या हाती. ही टीका चिझमच्या कौशल्यावर नाही. बडोदे कॉलेजचा भव्य घुमट त्यानेच रचला, आणि तेथे एक वाक्य निश्चित आहे, कारण त्या इमारतीस काय म्हणावयाचे आहे हे ठरलेले होते.

याउलट आपला वाडा पाहावा. वाड्याची रचना चौकाकडे तोंड करून बसलेली असते. बाहेरून उंच, जवळजवळ मुकी भिंत. आत आले म्हणजे चौक, सोपा, माजघर, देवघर अशी खोल खोल जाणारी वाट. पाहुण्याला कोठवर येऊ द्यावयाचे, हे वाड्याची रचनाच सांगते. लक्ष्मीविलासात ही दिशा उलटली आहे. तेथील अत्यंत श्रीमंत दालन हे पाहुण्यासाठीच आहे. त्याची सारी शोभा येणाऱ्याकडे तोंड करून उभी आहे. आणि तो येणारा कोण, हेही त्या काळात ठरलेलेच होते. जयविलास १८७४ मध्ये उभा राहिला आणि पुढे प्रिन्स ऑफ वेल्सचे स्वागत त्यात झाले. तेथील भोजनाच्या मेजावर चांदीची लहानशी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट फिरवीत असे. ती गाडी पाहून मुले टाळ्या पिटतात. आमच्या मनात मात्र येते की, यजमानाच्या हातून पाहुण्याच्या पानात काही पडण्याची जी आपली रीत, तिचे काम येथे यंत्राकडे गेले. वैभव आहे, आतिथ्य कोठे आहे हे शोधावे लागते.

२

एवढे म्हणून आम्ही थांबलो असतो, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दालन परके आहे, हा निष्कर्ष सोपा आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कारण या साऱ्या परकीय थाटात एक वस्तू अशी आहे की, तिने आपली जागा सोडलेली नाही. ती म्हणजे गादी.

मराठी राजकारणात सिंहासन आणि गादी हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. सिंहासन १६७४ साली रायगडावर मांडले गेले ते छत्रपतींचे. गायकवाड, शिंदे, होळकर हे त्या राज्याचे सरदार, त्यांची गादी. गायकवाडांच्या किताबातील 'सेना खासखेल' ही अक्षरे आजही मालकाची नव्हेत, तर चाकरीची आठवण देतात. पुढे राज्ये वाढली, इंग्रजी तोफांच्या सलाम्या आल्या, परंतु शब्द तोच राहिला. लक्ष्मीविलासातील गादीच्या दालनात राज्यारोहणाचा विधी होतो, तो उंच खुर्चीवर चढून नव्हे. जमिनीलगतच्या बैठकीवर, लोड-तक्क्याला टेकून. पायाखाली संगमरवर, डोक्यावर नक्षीचे छत, आणि मधोमध ही ठेंगणी बैठक! आमच्या मते साऱ्या राजवाड्यातील सर्वांत अर्थपूर्ण विरोध हाच. आजूबाजूचे सारे दालन पाहुण्याच्या भाषेत बोलते. गादी घरच्या भाषेत बोलते. मराठीत 'गादी चालविणे' म्हणजे केवळ राज्य करणे नव्हे. गुरूची गादी चालते, पेढीची गादी चालते. जे आपण निर्माण केले नाही ते पुढच्याच्या हाती सुखरूप द्यावयाचे, हा त्या शब्दाचा गाभा आहे. एखादा मार्गदर्शक झुंबरापुढे दहा मिनिटे उभा करतो आणि गादीपुढून दोन मिनिटांत नेतो, तेव्हा तो आपल्याला वाक्यातले विशेषण दाखवितो व क्रियापद लपवितो.

दुसरी वस्तू म्हणजे दरबार-दालनाच्या वरच्या अंगास असलेल्या जाळ्या. दरबार भरे, गाणे होई, मानाचे विडे दिले जात. आणि राजस्त्रिया वरून, जाळीआड बसून ते पाहत. जाळीचे काम अतिशय नाजूक आहे, हे सर्वच लिहितात. पण जाळी ही नुसती नक्षी नव्हे. ती एक दृष्टिकोन आहे. खालून वर पाहणाऱ्यास नक्षी दिसते, वरून खाली पाहणाऱ्यास तुकड्यातुकड्यांनी जग दिसते. एकच वस्तू एकास शोभा आणि दुसरीस मर्यादा. याच घरातील महाराणी चिमणाबाईंनी १९११ मध्ये हिंदी स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, १९१४ मध्ये पडदा उघडपणे सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. ही माहिती ठाऊक असलेल्या मनुष्याने पुन्हा त्या जाळीकडे पाहावे. ती रिकामी जाळी हे दालनातले सर्वांत मोठे कथानक आहे, कारण तिच्या आडची एक व्यक्ती जिना उतरून खाली आली.

३

आता चित्रे. १८८८ मध्ये सयाजीरावांनी राजा रविवर्म्यास दरबार-दालनासाठी पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रे सांगितली, आणि १८९० पर्यंत ती पुरी झाली. या आधी हिंदुस्थानातील अनेक प्रांतांचे पोषाख पाहण्यासाठी रविवर्मा हिंडला, आणि अखेर त्याने पुराणांतील नायिकांना लुगडे नेसविले. पुष्कळ चित्रांत ते नेसणे आपल्याकडचे आहे. या चित्रांवर दोन प्रकारची टीका होत आली. एक पक्ष म्हणतो, 'किती हुबेहूब!' दुसरा म्हणतो, 'ही नाटकातली पात्रे. तंत्र युरोपचे, भाव उसना.' दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे. रविवर्म्याच्या पात्रांचे हातवारे रंगभूमीचे आहेत. त्यांच्या डोळ्यांना आपण पाहिले जात आहोत याची जाणीव असते. तथापि ज्या काळात सुशिक्षितांचे सारे पुराण कीर्तनात आणि रंगभूमीवरच जगत होते, त्या काळच्या चित्रकाराने रंगभूमीची खूण वापरली, हा आक्षेप ठरू नये. परीक्षेचा मुद्दा निराळा आहे. ती खूण वापरून त्याने काय सांगितले?

या चौदांतील काही विषय शेजारी शेजारी मांडून पाहावेत. कीचक आणि सैरंध्री : राजवाड्यात दासी होऊन राहिलेली राणी, आणि त्याच राजवाड्यात तिच्यावर आलेला प्रसंग. हरिश्चंद्र आणि तारामती : सत्यासाठी राज्य गमावलेला राजा. शंतनु आणि मत्स्यगंधा : कोळ्याच्या मुलीपुढे याचक झालेला सम्राट. कंस आणि माया : राजाच्या बंदिशाळेतील अर्भक, आणि राजाच्या हातातून निसटलेली त्याच्या विनाशाची वाणी. विश्वामित्र आणि मेनका : राज्य टाकून तपाला बसलेल्या माणसाचा तपोभंग. ज्या दालनात राजा बसावयाचा, त्या दालनासाठी निवडलेल्या कथांत राजा कोठेही निर्धास्त नाही. कोठे तो याचक आहे, कोठे अपराधी, कोठे हतबल. आणि राजवाडा ही बहुधा अन्यायाची जागा आहे. हा अर्थ चित्रकाराने किंवा आश्रयदात्याने हेतुपूर्वक योजला असे आम्ही म्हणत नाही. महाभारत-पुराणांतून चौदा प्रसंग उचलले म्हणजे असे काही हाती येणारच, असेही कोणी म्हणेल. पण मग तीच तर गोष्ट आहे. जयविलासाच्या झुंबरातून राजाला त्याचे वैभव शतगुणित होऊन दिसते. लक्ष्मीविलासाच्या चित्रांतून त्याच राजपदाला त्याची जुनी प्रश्नपत्रिका दिसते. दोन मराठी दरबारांच्या अंतर्भागांतील हा फरक आम्हांस झुंबरांच्या वजनापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आणि या चित्रांचे पुढे काय झाले? दरबाराच्या भिंतींवर जाण्यापूर्वीच ती सर्वसामान्य लोकांना पाहावयास मिळाली. तीर्थास जावे तशी माणसे त्यांच्या दर्शनास लोटली. रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना त्याला १८८४ मध्येच सर टी. माधवराव यांनी केली होती. हे माधवराव कुंभकोणास जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणी दिवाण राहिलेले. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने केलेल्या एका सूचनेचे फळ पुढे घरोघर लटकले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९४ मध्ये मुंबईस रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि ज्यांना दरबाराच्या पायरीवरही उभे राहता आले नसते, त्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती आल्या. राजवाडा ज्या वर्षी पुरा झाला त्याच १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन निघाले. त्याच्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे होते. त्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणलेली पहिली कथा हरिश्चंद्राचीच. दरबाराच्या भिंतीवरील राजा अशा रीतीने चार आण्यांच्या प्रेक्षकापुढे येऊन उभा राहिला.

४

येथे आम्ही आमच्या मुख्य प्रतिपादनाकडे येतो. दालनाची श्रेष्ठता त्यात काय साठले आहे यावरून ठरवू नये. त्यातून काय बाहेर गेले यावरून ठरवावी. काव्याच्या बाबतीत हाच निकष आपण सहज लावतो. अलंकार किती आहेत हे कोणी मोजीत बसत नाही; वाचून झाल्यावर मनात काय उरते, हे विचारतो. राजवाड्याला हा निकष का लावू नये?

गाण्याचे उदाहरण घ्या. बडोदे दरबाराने गायकांना उदार आश्रय दिला, हे सर्वविदित आहे. अब्दुल करीम खाँ येथे होते, पुढे फैयाज खाँ आले. पण दरबारातील गाणे हे मूठभर निमंत्रितांचे गाणे. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली, तेव्हा दरबाराचे दार प्रथम किलकिले झाले. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कन्या हिराबाई. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि कुलीन स्त्रीने श्रोत्यांसमोर बसून गाण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या नावापुढे 'बडोदेकर' हे गावाचे नाव कायमचे जोडलेले आहे. दरबाराची सोनेरी बैठक आज रिकामी. 'बडोदेकर' हा शब्द मात्र मराठी कानात अजून सुरेल वाटतो.

इतिहासाचे उदाहरण याहून जवळचे. १८८९ मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई नावाचा एक तरुण पदवीधर सयाजीरावांचा वाचक म्हणून नोकरीस लागला आणि पुढे राजपुत्रांचा शिक्षक झाला. शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतून १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' आणि पुढे 'मराठी रियासत' उभी राहिली. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या गोष्टीचे आम्हांस विशेष अप्रूप वाटत असेल. पण मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने लक्ष्मीविलासातील सर्वांत मौल्यवान खोली कोणती असे विचारले, तर आमचे उत्तर ठरलेले आहे : जेथे एक मनुष्य महाराजांना पुस्तके वाचून दाखवीत होता, ती. तिला ना झुंबर लागते, ना मोझेक. आज त्या आवारात राजपुत्रांसाठी बांधलेल्या शाळेच्याच इमारतीत १९६१ पासून महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, आणि रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संग्रह तेथे आहे. पाहुण्याने तेथे उभे राहून निदान एवढे आठवावे की, ही भिंत आधी शाळेची होती.

आणि शाळा केवळ राजपुत्रांच्याच नव्हत्या. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे पसरू लागले. मराठी ग्रंथरचनेस जे साहाय्य मिळाले आणि १९०९, १९२१, १९३४ या वर्षी साहित्य संमेलने ज्या नगरीत भरली, त्या नगरीचे वाङ्मयीन वातावरण दरबार-दालनात तयार झालेले नव्हते. ते या शाळांत आणि वाचनालयांत तयार झाले होते.

५

परंतु रसग्रहण म्हणजे स्तुतिपाठ नव्हे, आणि बाहेर काय गेले हा निकष एकदा स्वीकारला म्हणजे कोठवर गेले, हेही विचारणे प्राप्त होते. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते करारानुसार संस्थानच्या सेवेस बडोद्यास आले. त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते काही दिवस राहिले. ओळख पटताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. राजवाड्यात खोल्यांची मोजदाद नव्हती, आणि त्याच राजवाड्याच्या खर्चाने विद्या संपादन केलेल्या माणसास गावात एक खोली नव्हती! महाराजांची भूमिका उदार होती, याविषयी वाद नाही. पण दालनातून निघालेला प्रकाश वेशीपर्यंत पोहोचला आणि शेजारच्या आळीत पोहोचला नाही, हे सत्य त्या प्रकाशाच्या वर्णनातून वगळता येणार नाही. लक्ष्मीविलासावर लिहिलेल्या गौरवलेखांत हा प्रसंग क्वचितच येतो. आमच्या मते तो त्या लेखांच्या मध्यभागी असावयास हवा. कारण भिंतीवरील सैरंध्री आणि हरिश्चंद्र ज्या प्रश्नपत्रिकेची आठवण देतात, तिचे उत्तर नगराने कसे लिहिले हे येथे कळते.

६

मग आजच्या मराठी माणसाने लक्ष्मीविलासास का जावे? १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, १९७१ मध्ये राजांचे तनखेही गेले. राजघराण्याचे वास्तव्य तेथे अद्याप आहे, आणि राजवाड्याचा काही भाग पाहुण्यांस खुला आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबे तेथे जातात ती एका हळव्या ओढीने : 'हे आपले होते.' ती ओढ आम्ही खोटी म्हणत नाही. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते आणि ज्यांच्या मुलांच्या दप्तरात मराठी पुस्तक नाही, अशा माणसांना भव्य मराठी नाव कोरलेली एक भिंत आधार वाटते. पण या आधाराचा धोका असा की, तो मागत काही नाही. झुंबराचा अभिमान बाळगण्यासाठी मराठी वाचता येण्याची गरज नसते. बकिंगहॅमच्या चौपट हे वाक्य कोणत्याही भाषेत तितकेच पोकळ वाजते. या अभिमानावर वाढलेली पिढी राजवाड्याच्या फाटकाशी छायाचित्र काढून घेईल, आणि तिच्याच गल्लीतील मराठी वाचनालयाचे दार कधी बंद झाले हे तिला कळणार नाही.

'रियासत' मात्र मागते. तिचा अभिमान बाळगावयाचा तर ती उघडावी लागते. 'गादी' हा शब्द मागतो. त्याचा अर्थ कळण्यासाठी तो जगलेल्या भाषेत राहावे लागते. चित्रे मागतात, सैरंध्री कोण आणि तारामती कोण हे ठाऊक नसलेल्या मुलास तेथे केवळ सुंदर बायका दिसतात. वास्तूचे अंतरंग वाचण्यास जे लागते, तेच नेमके भाषा टिकण्यास लागते. म्हणून राजवाडा कसा पाहावा हा प्रश्न आमच्या दृष्टीने सौंदर्यशास्त्राचा असला, तरी तेवढाच नाही.

शिक्षकबंधूंस आमची एक व्यवहार्य सूचना आहे. मुलांना राजवाड्यास अवश्य न्यावे. पण निबंधाचा विषय 'मी पाहिलेला राजवाडा' हा देऊ नये. त्याऐवजी एकच दालन निवडून तीन प्रश्न विचारावेत : या दालनात कोण बसत होते, कोणाला जाळीआडून पाहावे लागत होते, आणि येथून काय बाहेर गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक देईल. दुसऱ्याचे उत्तर मान वर करून पाहणाऱ्यास मिळेल. तिसऱ्याचे उत्तर राजवाड्यात मिळणार नाही. त्यासाठी मुलांना वाचनालयात जावे लागेल. सहल तेथे संपली, तर ती सार्थकी लागली असे आम्ही समजू.